डिमर काढला, साधं बटण टाकलं

बायको आजारी पडली तेव्हा तिला उजेड सोसायचा नाही, आणि अंधारात मी तिच्या खाटेला धडकायचो. "पाणी द्यायला येता का शिंग मारायला?" म्हणायची. म्हणून खोलीत डिमर बसवला. गोल बटण फिरवलं की बल्ब बारीक, उलटं फिरवलं की मोठा.

ती गेली तेव्हा बल्ब बारीकच होता. मी तो तसाच ठेवला. दिवसा, रात्री, कधी बंद केला नाही. खिडकीही लावूनच ठेवली.

या उन्हाळ्यात डिमर गुणगुणायला लागला. मग बल्ब लपलप करायला लागला. बोर्डाला हात लावला तर चटका, वर जळाल्याचा वास. लेकीला फोन केला. ती सिन्नरला कंपनीत वायरिंगचंच काम करते. म्हटलं, "येताना नवा डिमर आण."

रविवारी दुपारी आली. मेन स्विच बंद केला, बोर्ड उघडला. डिमर आतून काळाठिक्कर, तारेचं प्लास्टिक वितळलेलं. मग पिशवीतून काढलं काय, तर साधं बटण.

मी तापलो. "सांगितलं काय, आणलंस काय?"

"मुद्दाम नाय आणला, आप्पा. माणूस गेल्यावर दिवा किती दिवस ठेवत्यात?"

"दहा."

"मग हे काय चाललंय?"

"तो पिठावर ठेवायचा, तेलाचा. हा बल्ब हाय."

"मला नका शिकवू. पिठावरचा दिवा दहाव्याला शांत केला आणि तुम्ही हा धरून बसलात. घर पेटलं असतं म्हंजे? तुमचाही दहावा घालत बसू?"

तोंडाने लेक आईवर गेली आहे.

खरं सांगतो, बल्ब बंद केला की ती गेली, असंच माझ्या मनाने धरलं होतं. अडाणीपणा आहे, कळतं मला. कळून काय होतं?

मी खाटेवर टेकलो. लेक जरा नरमली. "डिमरच पायजे असंल तर जाते परत दुकानात. तुमच्या मनाविरुद्ध नाय करायची."

थकलो होतो मी. खाटेशेजारी चटईवर पडलो तरी त्या उजेडात डोळा लागायचा नाही, आणि बल्ब घालवायला हात धजायचा नाही. म्हणालो, "टाक ते बटण."

तिने तारा जोडल्या, स्क्रू आवळले, मेन चालू केला. "दाबा."

दाबलं. खोली एकदम उघडी पडली. कोपऱ्यात जाळी, खिडकीत औषधांची रिकामी पाकिटं, तिच्या उशीवर बोटभर धूळ. इतके महिने मला काही दिसलंच नव्हतं. असल्या खोलीत बायको घटकाभर बसली नसती.

"खाट बाहेर काढू का?" लेकीने हळूच विचारलं.

"खाट राहू दे. झाडू आण."

दोघांनी मिळून जाळी काढली, फरशी पुसली, खिडकी उघडली. बाहेर अजून ऊन होतं आणि बल्ब उगाच जळत होता. मी पुढे झालो आणि बंद केला.