कडूबाईची सुतळी

त्र्याहत्तरचा उन्हाळा. तुळजापुरात टंचाईच्या कचेरीत श्रीपती कारकून बसायचा आणि चाळीस गावांच्या चिठ्ठ्या रोज त्याच्या टेबलावर येऊन पडायच्या. चिठ्ठ्या कसल्या, रडगाणी! 'गाव मरणाच्या दारी आहे, मायबाप सरकारनं धावावं.' विहिरीत पाणी किती, टँकर आला का, याचा पत्ता नाही. आणि प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात 'अतितातडीचे'. आता सगळंच अतितातडीचं म्हटल्यावर टँकर आधी धाडायचा कुठं, ह्यांच्या डोक्यावर?

श्रीपती वैतागला. त्यानं गावोगाव कळवलं, रोज एक निरोप पाठवा आणि त्यात तीनच गोष्टी सांगा, त्याच क्रमानं. पाणी किती हात, काल टँकरच्या खेपा किती झाल्या आणि तातडी किती. तातडी एक म्हणजे चाललंय, दोन म्हणजे उद्या लागेल, तीन म्हणजे आत्ताच्या आत्ता. बाकी पुराण नको.

तिसऱ्याच दिवशी एसटीचा कंडक्टर ज्ञानोबा आला आणि त्यानं टेबलावर सुतळीचा तुकडा टाकला.

"तामलवाडीच्या अलीकडं ती वाडी हाय न्हवं, तिथल्या सोसायटीच्या हिरीवर कडूबाई राखण करती. तिला लिवाया येत न्हाय. ह्यो तिचा कागद."

सुतळीला चार गाठी, मग बोटभर मोकळी जागा, एक गाठ, परत जागा, परत एक गाठ. बायका आठवणीसाठी पदराला गाठ मारतात, त्यातलाच प्रकार. श्रीपती पोट धरून हसला. पण रजिस्टर उघडलं तर रकाने भराभर भरले: चार, एक, एक. चाळीस गावांत इतका सरळ निरोप दुसरा नव्हता.

सुतळी रोज दहाच्या गाडीनं यायची. श्रीपती ती वाचायचा आणि भिंतीच्या खिळ्याला अडकवायचा. बाईला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं, तरी तिच्यावर त्याचा जीव जडला. ज्ञानोबाकडून थोडंथोडं कळायचं. म्हातारी आहे, मागं-पुढं कुणी नाही, विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत एकटी राहते. एकदा सोसायटीचे चेअरमन हिंमतराव तिच्यावर उखडले, "रोज तीन गाठी मार की! तुझ्या बापाचं काय जातंय?"

ती म्हणाली, "आज खोट्या मारल्या, तर खरंच आटंल तवा काय बांधू, मालक?"

ज्ञानोबानं हे सांगितलं तेव्हा श्रीपतीला भरून आलं.

मग एक दिवस गाडी आली, सुतळी आली नाही.

"थांब्यावर न्हवती," ज्ञानोबा म्हणाला. "इसरली आसंल."

साहेब म्हणाले, "निरोप नाही म्हणजे अडचण नाही. पुढचं गाव घ्या."

श्रीपतीनं पुढचं गाव घेतलं, पण पेन चालेना. कालच्या सुतळीत पाणी एक हात होतं, तातडी दोन. खिळ्यावर सत्तर सुतळ्या होत्या, मधला एक दिवस चुकलेला नाही. तो उठलाच. "साहेब, ही बाई विसरायची नाही. टँकर घेऊन जातो, नाहीतर माझी रजा लिहा." साहेब चिडले, पण टँकरच्या कागदावर सही केली.

वाडीत चिटपाखरू नव्हतं. झाडून सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. विहिरीचा तळ उघडा पडला होता. मोटारीच्या खोलीच्या दारात म्हातारी आडवी पडली होती, अंग नुसतं भाजत होतं, शेजारी घागर पालथी. श्रीपतीनं टँकरचं पाणी तांब्यात घेतलं, टॉवेल भिजवून तिच्या डोक्यावर ठेवला, घोटघोट पाजलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"कोन तुमी?"

"मी श्रीपती, मावशी. तुमच्या सुतळ्या वाचतो तो."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. मुठीतली सुतळी तिनं पुढं केली. पाण्याची जागा मोकळी, खेपांची मोकळी, शेवटाला दोन गाठी, आणि तिसरी नुसतीच घातलेली, सैल.

"चुकली बगा आजची. तिसरी वढायला गेले आन् भवळच आली. गाडी निघून गेली."

"कुठं चुकली? पोचली की, मावशी. आली नाही, तेव्हाच मला कळलं."

ती हसली, आणि तांब्या स्वतःच्या हातानं धरून पाणी प्याली. श्रीपतीनं ती तिसरी गाठ दोन्ही हातांनी ओढून पक्की केली. सत्तर दिवसांत कडूबाईची ही पहिली तीन. सुतळी त्यानं खिशात घातली. खिळ्यावर आजची जागा रिकामी ठेवायची नव्हती त्याला.