अक्काची जागा

हे मी घरात कुणाला बोलले नाही, शाळेत तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — काहून, ते मलाही नीट ठाऊक नाही.

कळमनुरीतल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. दोन वर्षांपूर्वी नववीला एक प्रकल्प दिला होता. आकार फक्त गोल, त्रिकोण, चौकोन, रंग तीनच, आणि त्यातून आपल्या घरचं काहीतरी दाखवायचं. पोरांनी नेहमीचंच काढलं — त्रिकोणाचं छप्पर, गोल सूर्य. मी शेरे देत फिरत होते. मंगलपाशी आले आणि थांबले.

मंगल मेंढपाळाची पोरगी. तिनं दुपारचा बसलेला कळप काढला होता. नुसते गोल, एकमेकांना रेटून बसलेले, निळ्यात तांबडा कालवून रंगवलेले. आणि मधोमध एक पिवळा चौकोन. रिकामा.

"हे काय गं?"

"अक्काची जागा हाय, बाई. मेंढरं राखताना ती तिथंच बसायची. आता लगीन झालं न्हाई का तिचं."

काय वाटलं मला? कौतुक? तेही असेल. पण आधी जळले. मी रीतसर रंग शिकलेली. इतकी वर्षं गणपती काढले, कमळं काढली — आणि कुणी नसणं मला एकदाही काढता आलं नव्हतं. या पोरीला ते सहज जमलं होतं, आणि आपण काय केलंय याचा तिला पत्ताही नव्हता!

"चित्रात असं रिकामं सोडत नसतात," मी म्हणाले.

"पण बाई, ते रिकामंच हाय."

मी तिच्या हातातला ब्रश घेतला. सगळ्या वर्गासमोर त्या चौकोनात झाड काढलं, हिरवंगार. तिनं ब्रश तेवढा धुऊन ठेवला.

मुख्याध्यापकांना झाड फार आवडलं.

इथवरच थांबले असते तर — पण थांबले का? उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी मोठा कॅनव्हास ताणला. गोल काढले, एकमेकांना रेटून बसलेले. मधोमध पिवळा चौकोन. नांदेडच्या एका प्रदर्शनात ते लागलं. लोक त्याच्यापुढं उभे राहायचे. एका बाईंनी विचारलं, हे रिकामं काय आहे? मी म्हणाले, "माझ्या बहिणीची जागा." त्यांचे डोळे भरून आले.

मला बहीण नाही.

यंदा दहावीचा निकाल लागला तेव्हा मंगल पेढे घेऊन घरी आली. चित्र बैठकीतच लावलेलं. तिनं ते पाहिलं — बराच वेळ पाहिलं. मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि उगाच भांडी हलवत राहिले. बाहेर आले तर ती चपला घालत होती.

"येते, बाई. अक्काकडंबी पेढे न्यायचेत."

मी तिला थांब म्हणाले नाही. चित्र अजून भिंतीवर आहे. खाली कोपऱ्यात माझी सही आहे.