करपलेले बोंबील

सुके बोंबील भाजल्याचा वास आला की मित्राचं सातपाटीतलं घर आठवतं. तो बोईसरला केमिकल कारखान्यात होता. चांगल्या विज्ञानपटात भविष्यातलं अख्खं जग दिसलं पाहिजे, असं मी एकदा त्या घरी त्याला तावातावाने सांगत होतो. तो म्हणाला, "नाय रे, एकच गोष्ट बदलायची, बाकी घर हाय तसंच ठेवायचं. मंग खरी भीती वाटते." त्याच्या पाठीमागच्या तव्यावरून करपट वास कधीचा येत होता, पण कोळ्यांकडे बोंबील असेच भाजत असतील असं मला वाटलं. त्याची आई अंगणातून धावत आली आणि तिने तवा उतरवला. "कारखान्यात लागल्यापासून याला वासच नाय येत," ती मला म्हणाली. मी घरभर नजर फिरवली. बाकी सगळं होतं तसंच होतं. असले सिनेमे मी अजून बघतो, वाद मात्र कुणाशी घालत नाही.