तांबड्या पट्ट्यातलं माहेर

उपग्रहाच्या त्या चित्राचा मला आजही राग येतो. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि मी वर्ध्याला पाणलोटाचे नकाशे करणाऱ्या एका ऑफिसात होते. चित्रं नागपूरहून यायची. त्यात जमिनीवरचं हिरवं ते तांबडं दिसतं. साहेबांच्या लेखी तांबडं म्हणजे ओलित, ओलित म्हणजे पाणी, आणि पाणी असलेल्या गावाला बांध कशाला पाहिजे? झालं, विषय संपला.

रोहण्याकडचं माझं माहेर याच्यातच मेलं. उन्हाळ्यातल्या चित्रात गावच्या नाल्याला धरून ठळक तांबडा पट्टा होता. साहेबांनी तो संत्र्याच्या बागांचा म्हणून ठरवला आणि गाव कामातून वगळलं. कुठली आलीत संत्री! ती बेशरमची झुडपं होती. ढोरं तोंड लावत नाहीत आणि उन्हाळा तिला जाळत नाही, म्हणून कोरड्या नाल्यात छातीइतकी माजलेली. माझी वहिनी तिच्यातूनच वाट काढत घागर घेऊन पलीकडच्या शेतातल्या विहिरीवर जायची, कारण गावातल्या विहिरी होळीलाच आटायच्या. नाल्यावर बांध झाला असता तर त्या विहिरींना झिरपा मिळाला असता. एवढंच पाहिजे होतं.

मी साहेबांना रोज सांगायचे. ते म्हणायचे, "मॅडम, सॅटेलाइट खोटं बोलते का?" सॅटेलाइट काहीच बोलत नाही हो, बोलता तुम्ही, असं अगदी ओठावर यायचं. पण नोकरी होती. शेवटी त्यांचं इतकं डोकं खाल्लं की मे महिन्यात ते एकदाचे गाव पाहायला तयार झाले.

आदल्या रविवारी मी जाऊन वहिनीला बजावून आले. सरबराई करायची नाही, आहे तसं दिसू द्यायचं. "हो न बाई, समजलं," म्हणाली.

जीप गावात शिरली आणि माझं डोकंच फिरलं. अख्ख्या गल्लीत सडा. आमच्या अंगणात रांगोळी. दारात पाय धुवायला पितळी बादली, काठोकाठ भरलेली. मग माठातलं गार पाणी, मग लिंबाचं सरबत, मग चहा. ड्रायव्हरनं जीपसाठी पाणी मागितलं, तर भावानं तेही बादलीभर आणून दिलं. साहेब पाय धुऊन खाटेवर ऐसपैस बसले. मी वहिनीकडे डोळे वटारून पाहत होते आणि ती पदर सावरून हसत होती.

ओढूनताणून त्यांना नाल्याकडे नेलं. ऊन फार म्हणून त्यांनी पुलावरून, जीपमधूनच पाहिलं.

"हिरवंगार तर आहे."

"सर, ती बेशरम आहे."

"असेल. पण ज्या गावात मे महिन्यात सडा पडतो, तिथं पाण्याची टंचाई आहे असं मी कोणत्या तोंडानं लिहू?"

मला पुलावर उतरवून जीप आर्वीकडे गेली. गाव वगळलेलंच राहिलं.

मी तणतणत घरी आले. "काऊन केलं वहिनी असं? सांगतलं होतं ना मी तुले?"

वहिनी रिकामी बादली उचलत होती. "पहाटेपासून साऱ्या बाया विहिरीवर होत्या," ती म्हणाली. "तुह्या हापिसातला साहेब आलता. हिच्या माहेरात पायावर पाणी घालाले कोणी नाई, असं तुले तिथं कोणी बोललं असतं तं?"

मला संताप आला होता आणि तो काढावा कोणावर तेच कळेना. तिनं माठ कलता केला, तळाशी होतं नव्हतं ते माझ्या पेल्यात ओतलं. "पी, उन्हातून आली," म्हणाली आणि घागर घेऊन नाल्याच्या वाटेला लागली.