चौथी भिंत

"खांबाला हात लावू नको, बाई. परदेशातला दगड आहे," पहारेकरी ओरडला.

माझे हात कोपरापर्यंत शेणामातीत. राजधानीतलं मोठं संग्रहालय, मधलं दालन, वर घुमट. जाऊ आणि मी तलासरीहून तिथे कुडाचं घर उभं करायला गेलो होतो. कारवीच्या काठ्या बांधायच्या, वरून लिंपायचं. दाराशी मी चपला काढल्या होत्या. घुमट दिसला म्हणजे आत देव असणारच! पहारेकऱ्याच्याही पाया पडले. अशी मी शहाणी.

संग्रहालयाचे साहेब पाहुण्यांना फिरवत होते. घुमट कोणी आखला, दगड कुठून आला, किती वर्षं लागली, सगळं तोंडपाठ. आखणाऱ्याचं नाव पितळी पाटीवर. मग आमच्या घराशी आले. म्हणाले, "हे कोणी बांधलं असं नसतं. यांच्यात हे आपोआप येतं."

आपोआप! कारवी अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायची, नाहीतर भुंगा लागतो. माती किती, शेण किती, हे सासूने हातावर फटके देऊन शिकवलेलं. आणि मी काय केलं? हसले. फोटोसाठी पदरसुद्धा सारखा केला.

पाहुणे गेल्यावर मात्र विचारलं, "साहेब, आमच्या नावाची पाटी?"

"तुमची कसली पाटी? घरी रोज करता तेच तर केलंत."

तीन भिंती लिंपून झाल्या होत्या. चौथीच्या नुसत्या काठ्या. मी घमेलं उपडं केलं.

जाऊ घाबरली. "अगं, साहेब चिडंल. परत कोण नेईल आपल्याला?"

"चालत जाऊ."

राजधानीहून तलासरी, चालत! अक्कल बघा. पण त्या भिंतीला हात लावला नाही.

इतक्या वर्षांनी, परवा त्याच संग्रहालयातून एक पोरगी घरी आली. नवी इमारत होतेय म्हणे. आमच्या घराशी लावलेली जुनी पाटी तिने मोबाइलवर वाचून दाखवली: 'निसर्ग घरात यावा म्हणून आदिवासी एक भिंत उघडी ठेवतात.'

हसून हसून मला ठसका लागला.

"आजी, नव्या इमारतीतही तुम्हीच घर बांधायचं, तशीच उघडी भिंत हवी. इथे सही करा."

नातीकडून कागद दोनदा वाचून घेतला. गोड बोलणाऱ्याचा कागद मी तसाच वाचून घेते. "माझं नाव कुठे लागणार?"

"ते वरचे ठरवतील, आजी."

तेच साहेब. आवाज तेवढा नवा.

कागद परत दिला. "आधी पाटी. पितळी, घुमटवाल्याएवढी. माझं नाव, आणि जावेचं. ती आता नाही, म्हणून तिचं वर. पाटी ठोकलेली डोळ्यांनी बघेन, मग शेणात हात घालेन. तोवर उघडीच राहील भिंत. या खेपेला चारही."