महाराजांच्या पायाबद्दल मी काहीच बोलले नाही

भास्करराव खुर्चीत रेलून बसले होते. त्यांचा पाय माझ्यासमोरच्या स्टुलावर होता आणि मी ब्लेडनं त्यांची भोवरी कापत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "मॅडम, आमच्या मधुकर महाराजाच्या तळव्याले जखम हाय म्हंतेत. तुमच्याइकडेच येतेत ना ते?"

माझा हात थांबला. तो थांबायला नको होता.

मी अकोल्यात पोडियाट्रिस्ट आहे. म्हणजे पायांची डॉक्टर. भोवऱ्या, घट्टे, मांसात घुसलेली नखं आणि मुख्य म्हणजे डायबेटिसच्या जखमा. आपल्याकडे माणूस चेहऱ्याला क्रीम फासतो, पण पायाची आठवण त्याला वास सुटल्यावरच होते.

भास्करराव हिवरखेडकडच्या एका लहानशा देवस्थानाचे विश्वस्त. मधुकर महाराज तिथले पुजारी, साठी ओलांडलेले, जुना डायबेटिस. पहिल्या भेटीत मी नायलॉनचा बारीक दोरा त्यांच्या तळव्याला ठिकठिकाणी टेकवला, त्यांना पत्ताच नाही. अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढी जखम होती आणि ती दुखत नव्हती. दुखणारा पाय माणूस जपतो. न दुखणाऱ्यावर तो चालत राहतो.

अशा जखमेवरचा मोठा उपाय म्हणजे तिच्यावर भार पडू न देणं. आम्ही त्याला ऑफलोडिंग म्हणतो. महाराजांना मी खास सँडल करून दिली, चामड्याचा एक तुकडाही नसलेली. देवळाबाहेर सतत सँडल, गाभाऱ्यात सगळी पूजा बसून, असं ठरलं. कोणी विचारलं तर टाच दुखते म्हणायचं, हे त्यांनीच ठरवलं. कारण वाहती जखम असलेल्यानं होमाला बसू नये, असं त्यांच्या गावात मानतात आणि नवचंडीचा होम तोंडावर आला होता. त्यांचं घर या पूजांवरच चालायचं. "कोणाले कळू देऊ नका, बाई," एवढंच त्यांनी मागितलं. मी शब्द दिला. पेशंटची गोष्ट बाहेर जाऊ न देणं हे आम्हाला शिकतानाच डोक्यात भरवलेलं असतं. जखम भरत होती, कडा गुलाबी झाल्या होत्या.

तर भास्कररावांना मी पुस्तकात लिहिलेलं उत्तर दिलं. एका पेशंटचं दुसऱ्याला सांगत नाही, म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मागच्या टायमाले मी तुमाले आमच्या गावच्या गजूमास्तरचं विचारलं होतं. तवा तं तुमी लगेच सांगतलं, पाय ठणठणीत हाय म्हणून. मंग महाराजाचं काहून नाही सांगत?"

खोटं बोलता येत नव्हतं, खरं सांगता येत नव्हतं. आणि मास्तरांचं मी खरंच सांगितलं होतं. चांगली बातमी सांगायला काय जातं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

"समजलं," ते म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

नवचंडीला तेल्हाऱ्याहून दुसरे गुरुजी आले. भास्कररावांनी कुणाला काही खोटं सांगितलं नाही. डॉक्टरीणबाई गप्प बसल्या, एवढंच सांगितलं. तेवढं पुरलं. मग महाराजांनी पाय धड असल्याचं सिद्ध करायचं ठरवलं. सँडल फेकली आणि भर उन्हात देवाच्या पालखीबरोबर गावभर अनवाणी चालले. माझ्याकडे येणंही सोडलं, कारण माझ्या पायऱ्या चढताना दिसणं म्हणजे जखमेची कबुलीच. मी फोन केले. मुलगा उचलायचा आणि बाबा बरे आहेत म्हणायचा.

शेवटी त्याच मुलानं त्यांना उचलून माझ्याकडे आणलं तेव्हा जखमेत घातलेली तपासणीची सळई सरळ हाडाला लागली. मी लगेच अमरावतीच्या सर्जनकडे पाठवलं. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मी भेटायला गेले. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होते, तिथे मी दारातच उभी राहिले. महाराजांनीच मला बसायला सांगितलं. चादर एका बाजूनं मध्येच सपाट झाली होती.

"तुमी शब्द पाळला, बाई," ते म्हणाले. "गावात मी साऱ्याइले विचारलं. सारे हेच सांगतेत, डॉक्टरीणबाई काहीच बोलल्या नाही."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आता माझ्याकडे कोणीही कोणाचीही चौकशी केली की माझं उत्तर एकच असतं, सांगता येणार नाही. साधं नख कापायला आलेल्याबद्दलही, अगदी त्याच्या बायकोनं विचारलं तरी. बाईला लय घमेंड आली, असं लोक म्हणतात. म्हणोत. धडधाकट माणसाबद्दल तोंड उघडलं, की आजारी माणसाबद्दल गप्प बसण्याला काही अर्थ उरत नाही.