राखेने घासलेलं पोलाद

आमच्या बीरगावच्या घरात पुस्तकांपेक्षा कामगार संघटनेची पत्रकं जास्त. बाबा कारखान्यातून आले की ती वाटायला निघत, घड्या मी घालायची. त्या पत्रकांतली सगळ्यात मोठी शिवी म्हणजे ‘वरवरचा बदल’. कॉलेजात मीही ती सढळ हाताने दिली.

एमएस्सीच्या प्रकल्पात मात्र माझ्या वाट्याला पृष्ठभागच आला. स्टेनलेस स्टीलची नाण्याएवढी, आरशासारखी चकती. अर्धी झाकून उरलेल्या अर्ध्या भागावर दुसऱ्या शहरातल्या यंत्रात नायट्रोजनचे आयन प्रचंड वेगाने मारलेले. पृष्ठभाग टणक करायच्या या रीतीला आयन रोपण म्हणतात. चकती एकच, आणि यंत्राची पाळी पुन्हा मिळणार नव्हती. कुरियर संध्याकाळी आलं, म्हणून ती घरी न्यावी लागली.

सकाळी ती भांड्यांच्या टोपलीत लखलखत होती.

“आई, काहून घासलं हे?”

“अर्ध्यावर पिवळट डाग होता ना वं. राख लावली, काथ्यानं घासलं. परक्याची वस्तू तशीच वापस करतं का कोणी?”

“माही वर्षभराची मेहनत होती त्याच्यावर!”

“मंग टिकन. मेहनत राखेनं जाते का?”

आयन शिरतात तो थर केसाहून शेकडो पटींनी पातळ. तो मोरीत वाहून गेला असं धरूनच मी विद्यापीठात पोचले. प्रयोगशाळेतल्या सीनियर दीदीने चकतीचा झाकलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला. नुसतं ओरखड्यांचं जाळं. मग तिने चकती सरकवली आणि आयन मारलेला अर्धा भाग सुरू होतो त्या रेषेपाशी ओरखडे एकदम विरळ झाले.

“रुक, एक्स-रे में देखते हैं.”

किरण वरच्या थरातच राहावेत म्हणून ते अगदी तिरके सोडल्यावर आलेखात साध्या पोलादाच्या शिखराशेजारी दुसरं शिखर हळूहळू वर आलं. नायट्रोजन अणूंमधल्या फटींत शिरून बसला होता. त्याने अणूंच्या ओळी एकमेकींपासून दूर रेटल्या होत्या. लेप नव्हताच तो. पोलाद तेच, आतली मांडणी वेगळी. इतक्याशा खोलीत एवढी उलथापालथ! मी पडद्यासमोरून हललेच नाही. ‘वरवरचा बदल’ म्हणून इतकी वर्षं मी कशाची टर उडवत होते?

“राख का मत लिखना,” दीदी म्हणाली, “लोग हँसेंगे.”

“हसू देत. दोन्ही अर्ध्या भागांना एकच हात, एकच राख. याहून सरळ तुलना कोणती?”

आणि प्रबंधात मी लिहिलंच: झिजेची चाचणी. साहित्य, चुलीची राख आणि नारळाचा काथ्या. चाचणी करणारी व्यक्ती, माझी आई.